पेशीचा शेजार

मनुष्याच्या शरीरात बाहेरच्या जगाशी अहोरात्र देवघेव करणारे इंद्रिय कोणते, असा प्रश्न केला तर पुष्कळ लोक त्वचेचे नाव घेतील. परंतु प्रौढ माणसाची सारी त्वचा पसरली तरी ती जेमतेम दोन चौरस मीटर भरते, आणि छातीच्या पिंजऱ्यात दुमडून बसलेल्या फुप्फुसांचा जो पृष्ठभाग हवेला सामोरा जातो, त्याचे क्षेत्रफळ मात्र शंभर चौरस मीटरांच्या आसपास जाते. सहा प्रौढ मानवी फुप्फुसांची जी काटेकोर मोजदाद २००४ साली प्रसिद्ध झाली, तीत वायुकोशांची सरासरी संख्या ४८ कोटी निघाली. त्यांतील एकेकाचा व्यास मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा, आणि कोशातील हवा व भोवतालच्या केशवाहिनीतील रक्त यांच्यामधला पडदा बव्हंशी एका मायक्रोमीटरहूनही पातळ. असा हा तलम पडदा दिवसाकाठी सुमारे वीस हजार वेळा ताणला जातो, तितक्याच वेळा पूर्ववत होतो, आणि हे काम सत्तर-ऐंशी वर्षे बिनतक्रार चालते, ही गोष्ट नित्याची असल्यामुळेच आपल्याला तिचे नवल वाटत नाही.

हा पडदा एकदा बिघडला म्हणजे मात्र त्याची दुरुस्ती करण्याचे सामर्थ्य वैद्यकापाशी फार थोडे आहे. बिघाडाच्या तऱ्हा मुख्यतः दोन. एम्फिसिमात वायुकोशांमधील भिंती झिजून विरत जातात आणि अनेक लहान कोशांच्या जागी थोड्या मोठ्या पोकळ्या उरतात. फायब्रोसिसमध्ये याच्या उलट, भिंतींत कोलॅजेनचे तंतू बेसुमार साचतात आणि मऊ असलेले फुप्फुस चामड्यासारखे ताठ होत जाते. पहिल्यावर श्वासनलिका रुंदावणारी औषधे आहेत, दुसऱ्याची वाटचाल मंदावणारी पिर्फेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही दोन औषधे अमेरिकेत २०१४ साली मंजूर झाली. परंतु गेलेला वायुकोश परत उभा करणारे औषध यांत एकही नाही. राहता राहिले प्रत्यारोपण. मिसिसिपीत जेम्स हार्डी यांनी १९६३ साली मानवी फुप्फुसाचे पहिले प्रत्यारोपण केले आणि टोरोंटोत जोएल कूपर यांनी १९८३ साली रुग्ण दीर्घकाळ जगेल असे यश मिळवले. तथापि दात्यांचा तुटवडा सार्वत्रिक आहे, आणि नवे फुप्फुस मिळालेल्या रुग्णांपैकी निम्म्यांच्या वाट्याला पुढे सुमारे सहाच वर्षे येतात. अशा स्थितीत मूलपेशींकडे, अर्थात स्टेम सेलकडे, साऱ्यांच्या नजरा वळाव्यात हे ओघानेच आले.

१

मूलपेशींविषयीचा जनसामान्यांचा समज असा, की या पेशी म्हणजे कोठेही पाठवल्या तरी आपण होऊन कामाला लागणारे कसबी कारागीर होत. हा समज निराधार आहे असे नव्हे, पण तो अपुरा आहे, आणि त्याचे अपुरेपण फुप्फुसाइतके दुसरीकडे क्वचितच स्पष्ट दिसते.

वायुकोशाच्या भिंतीत दोन प्रकारच्या पेशी असतात. पहिल्या प्रकारच्या पेशी अत्यंत चपट्या असून कोशाचा सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग त्यांनीच व्यापलेला असतो, आणि वायूंची अदलाबदल त्यांच्यातूनच होते. दुसऱ्या प्रकारच्या पेशी आकाराने घनाकृती असून कोश मिटून जाऊ नये म्हणून लागणारे सर्फॅक्टंट नावाचे स्निग्ध द्रव्य त्या पाझरतात. या दुसऱ्या प्रकारच्या पेशींकडे आणखी एक अधिकार आहे, असा संशय संशोधकांना पूर्वीपासून होता. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ब्रिजिड होगन यांच्या प्रयोगशाळेने २०१३ साली उंदरांमध्ये या पेशींवर कायमची खूण करून त्यांच्या संततीचा माग काढला आणि दाखवून दिले, की प्रौढ फुप्फुसातही त्या आपली संख्या राखतात व गरज पडताच पहिल्या प्रकारच्या पेशी निर्माण करतात. म्हणजे वायुकोशाची मूलपेशी बाहेरून आणण्याचे कारणच नाही. ती जागच्या जागी हजर आहे. मात्र त्याच प्रयोगातील एक तपशील तितकाच बोलका आहे: या पेशी एकट्या वाढवून भागेना. त्यांना विशिष्ट आधारपेशींची सोबत आणि प्रथिनांच्या मऊ जेलचे अंथरूण दिले, तेव्हाच त्यांनी पोकळ गोलकांच्या रूपाने लहानसे वायुकोश रचले.

याच सुमारास रोग्यांवरील एका प्रयोगाचा निष्कर्षही हाती आला. दीर्घकालीन श्वसनमार्ग-अवरोध, ज्याला आपल्याकडे डॉक्टर सीओपीडी म्हणतात, त्या विकाराच्या ६२ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना दात्यांच्या अस्थिमज्जेतील मूलपेशी शिरेवाटे देऊन दोन वर्षे साऱ्यांचा पाठपुरावा करण्यात आला. व्हर्मॉन्ट विद्यापीठाच्या डॅनियल वाइस यांच्या नेतृत्वाखालील या चाचणीत पेशी निर्धोक ठरल्या, पण श्वसनाच्या क्षमतेत उल्लेखनीय फरक पडला नाही. शिरेतून सोडलेल्या पेशी फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात खऱ्या, परंतु तेथे मुक्काम न करता थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. बी चांगले असूनही रुजले नाही, तर दोष शोधावा लागतो तो जमिनीत.

पेशीच्या भोवतालची ही जमीन म्हणजे पेशीबाह्य आधारद्रव्य: कोलॅजेन, इलॅस्टिन, लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन आदी प्रथिनांचे आणि हायल्युरॉनिक आम्लासारख्या शर्करा-साखळ्यांचे पाण्याने भिजलेले जाळे. पेशींना थोपवून धरणारे निर्जीव बांधकाम एवढीच त्याची योग्यता बराच काळ मानली जाई. मिना बिस्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली एक धीट सिद्धान्त मांडला, की हे आधारद्रव्य पेशीच्या आवरणावाटे तिच्या केंद्रकापर्यंत आज्ञा पोचवते, कोणती जनुके चालू ठेवावीत याचा निर्णय त्यामुळे बदलतो, आणि बदललेली पेशी पुन्हा आपल्या भोवतालचे आधारद्रव्य बदलते. म्हणजे पेशीचे शील तिच्या कुळावर जितके अवलंबून, तितकेच तिच्या शेजारावर. पुढील चाळीस वर्षांत या सिद्धान्ताला जे प्रायोगिक आधार मिळत गेले, त्यांतूनच प्रस्तुत लेखाचा विषय असलेले शास्त्र उभे राहिले: मूलपेशीला तिच्या मूळ शेजाराचा भास करून देणारे हायड्रोजेल घडवण्याचे शास्त्र.

२

हायड्रोजेल म्हणजे लांबलचक रेणूंचे असे जाळे, की जे स्वतः पाण्यात विरघळत नाही, पण आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पोटात धरून ठेवते. फालुद्यातील भिजलेल्या सब्जाच्या बीभोवती जो पारदर्शक, बुळबुळीत थर चढतो, तो निसर्गाने घडवलेला हायड्रोजेलच होय. मनुष्याने शरीरात वापरण्याच्या हेतूने घडवलेल्या हायड्रोजेलची कथा प्राग शहरात सुरू होते. ओटो विख्तर्ले आणि द्राहोस्लाव्ह लिम यांनी १९६० साली ‘नेचर’ या नियतकालिकात जैव उपयोगासाठी पाणी शोषणाऱ्या जेलांवरील आपला छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला. त्यापूर्वी दोनच वर्षे विख्तर्ले यांना राजकीय कारणांवरून अध्यापनाच्या पदावरून दूर करण्यात आले होते. सरकारदरबारी त्यांच्या कल्पनेची फारशी बूज राखली गेली नाही, तेव्हा १९६१ च्या नाताळच्या सुमारास त्यांनी घरीच, मुलांच्या जोडणीच्या खेळण्याचे सुटे भाग वापरून एक फिरते यंत्र उभारले आणि त्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतून दाखवल्या. आज जगभर कोट्यवधी माणसे जी मऊ भिंगे डोळ्यांत घालतात त्यांचा वंश येथपर्यंत पोचतो.

विख्तर्ले यांच्या जेलचा गुण हा, की शरीर त्याच्याशी भांडत नसे. परंतु ते शरीराशी बोलतही नसे. बोलणारे जेल घडवायचे तर पेशीची लिपी अवगत हवी, आणि तिचे पहिले अक्षर १९८४ साली सापडले. कॅलिफोर्नियात मायकेल पिअर्शबाखर आणि एर्की रुओस्लाहती यांनी फायब्रोनेक्टिन या विशाल प्रथिनाचे तुकडे करीत करीत दाखवले, की पेशीला चिकटून राहण्यासाठी अख्ख्या प्रथिनाची गरज नाही. आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांचा क्रम हाच त्यातला कळीचा भाग होय. पेशीच्या आवरणावरील इंटेग्रिन नावाचे ग्राहक हा क्रम ओळखतात. या इंटेग्रिनांच्या शोधाबद्दल रुओस्लाहती यांना रिचर्ड हाइन्स आणि टिमोथी स्प्रिंगर यांच्यासह २०२२ चा लास्कर पुरस्कार मिळाला. पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारख्या पूर्णतः मूक बहुवारिकाला हा त्रिअक्षरी क्रम जोडला, की पेशी त्याला परके मानीत नाही.

दुसरी गरज वाटेची. शरीरातील पेशी जाळ्यातून पुढे सरकताना विशिष्ट विकरे सोडून तंतू कापते आणि मागे नवे तंतू विणते. कृत्रिम जाळे अभेद्य असेल तर ती जागीच कोंडली जाते. झुरिच येथे मथियास लुटोल्फ आणि जेफ्री हबेल यांनी २००३ साली असे जेल सिद्ध केले, की ज्याचे सांधेच या विकरांनी उकलतील अशा पेप्टाइडांचे होते. त्यामुळे जेल केव्हा विरावे याची मुदत रसायनज्ञाने बाहेरून ठरवण्याऐवजी ती ठरवण्याचा अधिकार पेशीकडे आला.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. कारण पेशींना आवडणारे एक नैसर्गिक जेल तोवर प्रयोगशाळांमधून सर्रास वापरले जात होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हिंडा क्लाइनमन आणि जॉर्ज मार्टिन यांच्या गटाने उंदराच्या एका अर्बुदातून लॅमिनिनयुक्त द्रव्य वेगळे काढले, तेच पुढे मॅट्रिजेल या नावाने बाजारात आले. होगन यांच्या प्रयोगातील अंथरूण तेच होते. परंतु २०१० साली त्याची छाननी झाली तेव्हा त्यात अठराशेहून अधिक निरनिराळी प्रथिने आढळली, आणि एका खेपेचा माल दुसऱ्या खेपेशी तंतोतंत जुळत नाही हेही दिसले. उंदराच्या अर्बुदातून आलेली, घटकांची पक्की यादी नसलेली वस्तू रोग्याच्या फुप्फुसात घालण्यास कोणताही जबाबदार वैद्य धजणार नाही. ज्याचा प्रत्येक घटक दप्तरी नोंदला गेला आहे असे जेल हवे, हा आग्रह त्यातून निर्माण झाला.

३

रासायनिक संदेशांइतकीच मोलाची आणखी एक गोष्ट या शतकाच्या आरंभी ध्यानात आली, ती म्हणजे स्पर्श. फिलाडेल्फियात डेनिस डिशर यांच्या प्रयोगशाळेतील ॲडम एंगलर, शामिक सेन आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच जातीच्या अस्थिमज्जा-मूलपेशी निरनिराळ्या ताठरतेच्या जेलांवर ठेवल्या. मेंदूइतक्या मऊ, म्हणजे एक किलोपास्कलच्या आतील जेलावर त्या चेतापेशींची लक्षणे दाखवू लागल्या. स्नायूइतक्या, म्हणजे दहाच्या आसपासच्या जेलावर स्नायूची. आणि पंचवीस ते चाळीस किलोपास्कलच्या कठीण जेलावर अस्थीची. पोषणद्रव तोच, पेशी त्याच. वेगळा होता तो केवळ पायाखालचा मऊपणा. या प्रबंधातील शामिक सेन पुढे पवईच्या आयआयटी मुंबईत अध्यापक झाले.

फुप्फुसाच्या बाबतीत या शोधाचा अर्थ फार गंभीर आहे. निरोगी मानवी फुप्फुसाच्या ऊतीची ताठरता सूक्ष्म सुईने मोजली असता ती सुमारे २ किलोपास्कल भरली, तर फायब्रोसिसने ग्रासलेल्या ऊतीची सुमारे १६. ही मोजमापे २०१२ साली प्रसिद्ध झाली. व्रण भरून काढण्यासाठी आलेल्या तंतुजनक पेशी ताठर जमिनीवर पाय टेकताच अधिक चेकाळतात, अधिक कोलॅजेन विणतात, जमीन आणखी ताठर होते, आणि ताठर झालेली जमीन पुन्हा त्यांनाच चिथावते. अशा मुलखात मूलपेशी सोडून देणे म्हणजे तिला बिघडलेल्या शेजाराच्या स्वाधीन करणे होय. किंबहुना २०२० साली ड्यूक विद्यापीठातील पुरुषोत्तम राव टाटा यांच्या गटाने, आणि त्याच वर्षी म्युनिक व केंब्रिज येथील गटांनीही, दाखवले की दुसऱ्या प्रकारच्या पेशीतून पहिल्या प्रकारची पेशी होताना मध्ये एक संक्रमणावस्था लागते. आणि फायब्रोसिसच्या रुग्णांत याच अवस्थेतल्या पेशी पुढे न सरकता साचून राहिलेल्या दिसतात. दुरुस्तीला आरंभ झाला, पण ती मध्येच खोळंबली, असा याचा अर्थ. जैवानुकारी, म्हणजे सजीव ऊतीचे अनुकरण करणाऱ्या, हायड्रोजेलचे खरे प्रयोजन येथे आहे: खोळंबलेल्या पेशीला पुढचे पाऊल टाकता येईल असा शेजार तिला मिळवून देणे.

हे अनुकरण कोणत्या अंगाने करावे, याविषयी संशोधकांत निरनिराळे पंथ आहेत. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे जॅनेट बर्जेस यांचा गट मानवी फुप्फुसातील पेशी धुऊन काढतो, उरलेल्या आधारद्रव्याची भुकटी करतो आणि तिच्यापासून जेल बनवतो; निरोगी फुप्फुसाचे जेल मऊ आणि रोगी फुप्फुसाचे ताठर निघते, म्हणजे रोगाचा ठसा पेशी गेल्यावरही द्रव्यात उरतो. कोलोरॅडोत चेल्सी मॅगिन यांच्या प्रयोगशाळेने असे कृत्रिम जेल घडवले आहे, की जे आधी निरोगी फुप्फुसाइतके मऊ असते आणि नंतर प्रकाश पाडून हवे तेव्हा रोगी फुप्फुसाइतके ताठर करता येते, जेणेकरून आजार कसा जडतो हे डोळ्यांसमोर पाहता यावे. क्लाउडिया लोबेल यांनी पेनसिल्व्हेनियातील सहकाऱ्यांसह २०२२ साली हायल्युरॉनिक आम्लाच्या जेलात अतिसूक्ष्म खळगे पाडले, त्यांत दुसऱ्या प्रकारच्या पेशी बसवल्या, आणि खळग्याच्या मापानुसार एकसारख्या आकाराचे वायुकोश-गोलक वाढवून दाखवले. ओवी चौधरी आणि डेव्हिड मूनी यांच्या २०१६ मधील कामाने आणखी एक सूक्ष्म बाब पुढे आणली, की जिवंत ऊती दाबली असता केवळ प्रतिकार करीत नाही, तर हळूहळू नमते, आणि ही नमण्याची गती मूलपेशीचे भवितव्य बदलते. ज्या इंद्रियाचे अवघे आयुष्य ताणण्यात आणि सैल होण्यात जाते, त्याच्यासाठी जेल रचणाऱ्याला हा धडा विसरून चालणार नाही.

४

जेलाच्या साहाय्याने अख्खे फुप्फुसच घडवावे, ही महत्त्वाकांक्षाही यात आहे. येल विद्यापीठात लॉरा निक्लसन यांच्या आणि बोस्टनमध्ये हॅरल्ड ऑट यांच्या गटाने २०१० साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, उंदीरवर्गीय प्राण्याचे फुप्फुस पेशीरहित करून त्यात नव्या पेशी पेरल्या आणि ते प्राण्यात बसवले. वायूंची देवघेव झाली, पण काही तासांपुरतीच. राइस विद्यापीठातील जॉर्डन मिलर आणि वॉशिंग्टन विद्यापीठातील केली स्टीव्हन्स यांनी २०१९ साली त्रिमितीय छपाईने हायड्रोजेलचा एक कोश बनवला, ज्याच्या भोवती रक्तवाहिन्यांचे जाळे होते आणि हवा आत-बाहेर करताच वाहत्या रक्तपेशी प्राणवायू उचलीत. प्रकाश जेलात वाजवीपेक्षा खोल शिरू नये म्हणून त्यांनी वापरलेले द्रव्य होते टार्ट्राझीन, म्हणजे मिठायांना पिवळेपणा आणणारा खाद्यरंग. त्यानंतर २०२२ च्या जूनमध्ये युनायटेड थेरप्युटिक्स आणि थ्रीडी सिस्टिम्स या कंपन्यांनी चार हजार किलोमीटर केशवाहिन्या आणि वीस कोटी वायुकोश असलेला मानवी फुप्फुसाचा छापील सांगाडा जाहीर केला. आकडे दिपवणारे आहेत. मात्र सांगाडा आणि इंद्रिय यांत जे अंतर आहे ते पेशींनी भरायचे आहे, आणि ते अद्याप भरलेले नाही.

हे अंतर लहान का नाही, त्याची कारणे फुप्फुसाच्या स्वभावातच आहेत. हाडातील पोकळी जेलाने भरता येते. वायुकोशाची पोकळी भरली तर श्वासच कोंडतो. जेल पातळ असावे तर ते थुंकीवाटे बाहेर पडते, घट्ट असावे तर हवेची वाट अडते. त्याने दिवसाला वीस हजार ताण सोसावेत, पहारेकरी भक्षकपेशींना डिवचू नये, नव्या केशवाहिन्यांना वाट द्यावी, आणि नवी ऊती सिद्ध होताच विनातक्रार निघून जावे. त्यातून इलॅस्टिन हे लवचीक प्रथिन शरीर मुख्यत्वे बालपणापर्यंतच विणते. ते एकदा नष्ट झाले म्हणजे प्रौढ फुप्फुस त्याची पूर्ववत घडण करू शकत नाही. उंदरांवरील प्रयोगांत जेलात गुंडाळलेल्या पेशी अधिक काळ तगल्या हे खरे. पण उंदराचा व्रण पुष्कळदा आपोआपही भरतो, मनुष्याचा भरत नाही.

घाई केल्याने काय घडते याचा दाखला इतिहासात नमूद आहे. स्टॉकहोममधील कारोलिन्स्का रुग्णालयात पाओलो मक्किआरिनी या शल्यविशारदाने २०११ पासून मूलपेशी लावलेल्या प्लास्टिकच्या श्वासनलिका रुग्णांना बसवल्या. त्या वेळी जगभर वाहवा झाली. स्वीडनमध्ये असे तीन रुग्ण झाले आणि तिघेही दगावले. तेथील अपील न्यायालयाने २०२३ साली त्याला अडीच वर्षांच्या कारावासाची शिक्षा ठोठावली. ते नळकांडे हायड्रोजेलचे नव्हते, परंतु चूक तीच होती, की पेशी शिंपडली म्हणजे निर्जीव वस्तू आपोआप सजीव होईल.

याउलट, माफक हेतू धरणाऱ्या हायड्रोजेलांनी फुप्फुसात आपले स्थान कधीच मिळवले आहे. शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसातून होणारी हवेची गळती थोपवण्यासाठी मानवी अल्ब्युमिन आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल यांपासून बनलेले प्रोजेल अमेरिकेत २०१० साली मंजूर झाले. ते ऊती घडवीत नाही, फक्त छिद्र बुजवते, आणि तेवढ्याचाच दावा करते.

५

हा विषय आपल्या दारापर्यंत येऊन ठेपलेला आहे. भारतात २०१६ साली सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते, असा अंदाज राज्यवार पाहणीतून निघाला. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमधील डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये सविस्तर दाखवले, की हा केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा रोग नव्हे, लाकूड आणि गोवऱ्या यांच्या धुरात स्वयंपाक करणाऱ्या, आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या माणसांनाही तो गाठतो. अशा घरांतील हवालदिल माणसांपुढे ‘स्टेम सेलने फुप्फुस नवे करून देऊ’ अशी जाहिरात येते, तेव्हा वर सांगितलेल्या शास्त्राचा खरा हिशोब त्यांच्यापर्यंत पोचलेला असणे आवश्यक आहे.

तो हिशोब असा. प्रयोगशाळेत, रोग समजून घेण्याचे आणि औषधे पारखण्याचे साधन म्हणून, जैवानुकारी हायड्रोजेल आजच उपयोगी पडत आहे, आणि बहुधा त्याचे पहिले मोठे दान त्याच मार्गाने, एखाद्या नव्या औषधाच्या रूपाने, रुग्णापर्यंत येईल. पेशी वाहून नेणारे जेल प्राण्यांवरील प्रयोगांच्या पायरीवर आहे. अख्खे फुप्फुस अजून दूर आहे. फुप्फुसाची ऊती पुन्हा उभी करणारा एकही हायड्रोजेल-उपचार आज रुग्णांसाठी मंजूर झालेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी रक्तविकारांसाठीच्या रक्तजनक मूलपेशी-प्रत्यारोपणाखेरीज अन्य मूलपेशी-उपचार केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करण्यास मुभा ठेवली आहे. म्हणून ज्याला कोणी असा उपचार देऊ करील त्याने प्रथम त्या चाचणीचा भारतीय नोंदवहीतील क्रमांक मागावा, आणि चाचणीच्या नावाखाली पैसे मागितले जात असतील तर तेथून सरळ उठून यावे. आणि ज्यांची फुप्फुसे अद्याप शाबूत आहेत त्यांनी घरातील चुलीचा धूर आणि हातातील विडी-सिगारेट यांचा बंदोबस्त याच वर्षी करावा. कारण वायुकोश नव्याने घडवण्याची विद्या अपुरी आहे, राखण्याची मात्र आपल्याला पुरती ठाऊक आहे.